अकरा ते तीनचं घर

आमचं तळ्याकाठचं घर आठवड्यातून दोनदा, अकरा ते तीन एवढाच वेळ आमचं असतं. एरवी ते पाहुण्यांचं. पाहुणे म्हणजे फोटो बघून, आगाऊ पैसे भरून येणारे आणि जाताना आपल्याला गुण देऊन जाणारे. शाळा सोडली तेव्हा मला वाटलं होतं, चला, गुणांची कटकट एकदाची संपली. आता या वयात कोणीतरी कुठून तरी येतं, दोन रात्री झोपतं आणि मला 'स्वच्छता: पाचपैकी चार' देऊन निघून जातं. तो कापलेला एक गुण कशाचा, हे शोधण्यात माझा पुढचा आठवडा जातो.

जुने पाहुणे अकराला बाहेर पडतात, नवे तीनला येतात. मधल्या वेळात चादरी, अभ्रे, टॉवेल बदलायचे, बाथरूम घासायची, फ्रिजमधल्या अर्धवट बाटल्या फेकायच्या, बेसिनमधले केस काढायचे. परक्यांचे केस काढताना माणसाला वैराग्य येतं, असं माझं मत आहे. या कामाला माणूस ठेवायचा, इतकी साधी गोष्ट. पण साधी गोष्ट साधी राहू देतील तर ते माझे सासरे कसले!

सासरे निवृत्त होईपर्यंत वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. दुकानात शिरायचं, तराजू उचलायचा आणि पारड्याखाली चिकटवलेलं शिसं काढून गिऱ्हाइकांदेखत गल्ल्यावर ठेवायचं. त्यांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची: पकडलेली आणि अजून न पकडलेली. लग्न होऊन आले तेव्हा मी दुसऱ्या प्रकारात होते. अजून आहे, असं मी धरून चालते.

हे घर त्यांनी बांधलेलं. सासूबाई गेल्यावर त्यांना तिथे एकटं कसं ठेवायचं म्हणून आम्ही त्यांना शहरात आमच्या फ्लॅटवर आणलं. रिकामं घर खायला उठतं म्हणतात. आमचं उठलं ते थेट आमच्या बँकेत जाऊन बसलं. आज छत, उद्या नळ, परवा कुंपण. विकू या म्हटलं तर सासरे भरल्या ताटावरून उठले. शेवटी नवऱ्याने तोडगा काढला, सुट्टीवर येणाऱ्यांना भाड्याने देऊ. सासऱ्यांनी एका अटीवर मान्य केलं.

"मधल्या वेळात मी जाणार. साफसफाई नीट होते की नाही, कोणीतरी बघायला हवं."

आता हे बघणं म्हणजे काय, ते सांगते. सासूबाई घरी शिवणकाम करायच्या. त्यांचा बटणांनी भरलेला पत्र्याचा डबा सासऱ्यांनी येताना बरोबर आणला होता. पाहुण्यांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली की आम्ही आत शिरायचो. मी चादरी ओढायला लागले की सासरे खिशातून बटणं काढून घरभर पेरायचे. एक पलंगाच्या पायाशी, एक पडद्यामागे, एक बाथरूमच्या दाराआड, एक फ्रिजखाली जेमतेम हात पोचेल इतकं आत. सफाईवाला आला की स्वतः खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर उघडून बसायचे. काम संपलं की पेपर खाली, हात पुढे.

"काय काय सापडलं?"

पहिल्या बाईंनी बटणं केराबरोबर फेकली होती. नापास. दुसऱ्या बाईंना ती सापडलीच नव्हती, पण त्यांनी प्रसंगावधान राखून स्वतःच्या स्वेटरचं बटण तोडून हातावर ठेवलं. सासऱ्यांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि परत दिलं. "लावून घ्या, थंडी वाजेल," म्हणाले. त्या पुन्हा आल्या नाहीत. तिसरा एक उंचापुरा माणूस मशीन घेऊन आला होता. तो म्हणाला, "मी चोर आहे का हे बघायचं असेल तर सरळ विचारा ना!" सासऱ्यांनी सरळ विचारलं. त्याने मशीन उचललं आणि अर्ध्या घराची धूळ आमच्या नावावर ठेवून निघून गेला.

दर वेळी माणूस गेला की उरलेलं घर मी घासायचे. माझ्या उजव्या गुडघ्याने त्या दिवसांत माझ्याशी बोलणं टाकलं होतं, नुसता कुरकुरायचा. सासरे माझ्यासाठी बटणं पेरत नसत. त्यांचा माझ्यावर विश्वास होता असं नाही, मी परीक्षेआधीच नापास होते.

एका रविवारी जेवताना नवऱ्याने विषय काढला. तो शांत माणूस आहे. शांत माणसं वैतागली की फार व्यवस्थित बोलतात.

"बाबा, आणखी एक माणूस पळाला तर घर कंपनीकडे द्यायचं. ते सगळं बघतात. त्यांची माणसं, त्यांचं कुलूप, त्यांची किल्ली. आपण बघायचंच नाही."

"म्हणजे मधल्या वेळात मी जायचं नाही?"

"मालकाने मध्ये यायचं नाही, असा त्यांचा नियम आहे. बुकिंग नसेल तेव्हा जा की."

"बुकिंग नसतं कधी?"

नवऱ्याने फोन काढून प्रामाणिकपणे बघितलं. मग फोन उलटा ठेवला आणि भात मागून घेतला.

खरं सांगायचं तर मला कंपनी हवी होती. कोणी मला विचारलं असतं तर मी दोन्ही हात वर केले असते, गुडघ्यासकट. पण त्या संध्याकाळी सासरे स्वयंपाकघरात आले आणि ओट्यापाशी उभे राहिले. या माणसाने माझ्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. चहासुद्धा 'चहाची वेळ झाली' असं जाहीर करून मिळवायचे.

"सूनबाई, या वेळी माणूस तू निवड. मी मध्ये बोलणार नाही."

"आणि बटणं?"

त्यांनी ओट्यावरचं झाकण सरळ केलं. मग म्हणाले, "तिथे चार तास बसायला मिळतं गं. काही काम असल्याशिवाय बसलो तर बरं दिसत नाही."

आता अशा वेळी माणसाने काय करावं? मी त्यांना ओरडले, की आधी सांगायचं होतंत. मग त्यांना चहा दिला आणि कंपनीचा विचार डोक्यातून काढून टाकला. मला त्यांचं वाईट वाटलं होतं आणि वाईट वाटलं की मी ओरडते.

जाहिरात दिली तर फोनच फोन आले. एकीला घर साफ करायचं होतं पण बाथरूम नाही. एकाने आधी माझेच तीन संदर्भ मागितले. एकजण म्हणाला, मी स्वतः येत नाही, माझी माणसं येतात. माणसं कुठे आहेत विचारलं तर म्हणाला, शोधतोय. मी हात टेकायच्या बेतात असताना एक बाई थेट मुद्द्यावर आली.

"घरात कुत्रं आहे?"

"नाही. सासरे आहेत."

"चावतात?"

"अजून तरी नाही."

"मग येते."

तिला मी मनातल्या मनात झपाटाबाई नाव ठेवलं ते पहिल्याच दिवशी. आधी ती हॉटेलात होती. तिथल्या साहेबाने खोलीमागे मिनिटं लावायला सुरुवात केली तेव्हा तिने त्याच्याच टेबलावर बादली ठेवली आणि घरी गेली, असं तिनेच सांगितलं. ती कामाला लागली की घर अंग चोरून उभं राहायचं. तोंड एका बाजूला, हात दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींना विश्रांती नाही. पाहुण्यांनी उशीखाली काय काय ठेवलं होतं, मागच्या घरात कोणी बाथटबमध्ये मासे सोडले होते, नवऱ्याची कंबर, मुलीची फी, सगळं एका दमात आणि तेवढ्यात बेसिन लख्ख.

सासऱ्यांनी बोलणार नाही असं कबूल केलं होतं; पेरणार नाही असं नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ती मी कुठे घालवणार! काम झाल्यावर झपाटाबाई स्वतःहून त्यांच्यासमोर आली आणि मूठ उघडून बटणं खिडकीच्या कट्ट्यावर ओतली.

"आजोबा, हा घ्या तुमचा पसारा. खिशाला भोक असेल तर द्या, शिवून आणते."

मी हातात चादर घेऊन उभी. सासऱ्यांनी बटणं एकेक करून बाजूला केली. शेवटी एक उरलं. गडद लाल, भोकांत अजून दोऱ्याचा तुकडा अडकलेलं.

"हे डब्यातलं नाही."

"मग मी काय घरून आणलं? स्वयंपाकघरात फळ्यांच्या फटीत होतं. सुईने उकरलं."

घराची जमीन लाकडी फळ्यांची आहे, जुनी, मधे मधे फटी पडलेली. सासरे बटण घेऊन उजेडात गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"तिच्या लाल कोटाचं," म्हणाले. "या घरातला आमचा पहिला हिवाळा. बटण हरवलं म्हणून तीन दिवस अबोला. ती म्हणे, तुम्ही बाहेर पाडलंत. मी म्हणे, घरातच आहे. घरातच होतं, बघ. मीच खरा होतो." मग थोड्या वेळाने म्हणाले, "आता खरा ठरून करू काय?"

झपाटाबाईचं तोंड त्या दिवशी पहिल्यांदा बंद झालं. तिने तीनच्या आधी घर सोडलं तेव्हा सासऱ्यांनी दारापर्यंत जाऊन तिला "छान काम" म्हटलं. मी लग्न होऊन आल्यापासून हे दोन शब्द त्यांच्या तोंडून एकत्र ऐकले नव्हते. मला आनंद झाला. थोडं पोटातही दुखलं. मीही ती जमीन वर्षभर पुसली होती, कधी उकरली नव्हती.

माणूस टिकला, सासरे खूश, गुडघा बोलायला लागला. इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण सासऱ्यांना आता पेरण्यात रस उरला नव्हता, उगवण्यात आला होता. झपाटाबाई आली की हे तिच्या मागे मागे. इथे फट आहे, तिथे बघ, हा पलंग सरकव, ते कपाट हलव. आणि काम संपल्यावर हात पुढे, पण नजर निराळी. रिकाम्या हाताने तिने मान हलवली की हे खुर्चीतून उठायचेच नाहीत. नवे पाहुणे फाटकाशी आले तरी उठायचे नाहीत. एकदा तर एका बाईने त्यांना घराबरोबर मिळणारे समजून नमस्कार केला.

मग मीच युक्ती काढली. बाजारात जाऊन जुनी दिसणारी बटणं आणली, जरा मातीत घोळली आणि जाता येता एखादं फटीजवळ टाकायला लागले. झपाटाबाईला सापडायचं, सासऱ्यांना मिळायचं, ते उजेडात धरून "हं" म्हणायचे आणि खिशात टाकून निमूट उठायचे. मला माझ्या अकलेचं कौतुक वाटलं. फक्त एक कळेना. मी एक टाकावं आणि सापडावीत दोन, असं व्हायला लागलं.

एके दिवशी मी बाथरूमच्या दाराआड बटण टाकायला वाकले तर झपाटाबाई आधीच तिथे वाकलेली. तिच्या बोटांतही बटण.

आम्ही दोघी तशाच वाकून एकमेकींकडे बघत राहिलो.

"ताई, उगाच डोळ्यांत पाणी आणू नका," ती कुजबुजली. "मला काही त्यांचा पुळका नाही. मला तीनला पुढचं घर असतं. सापडल्याशिवाय आजोबा सोडत नाहीत. जुन्या फ्रॉकची तोडून आणते."

"मी विकत आणते," मी म्हटलं.

"काय लावलं त्याने?"

मी भाव सांगितला. "फसवलं तुम्हाला," ती म्हणाली आणि पोछा पिळायला गेली.

त्यानंतर आम्ही पाळ्या लावून घेतल्या. एका खेपेला तिचं, एका खेपेला माझं. मोठ्या शहाण्या निरीक्षकाला दोन बायका मिळून खोटं माप घालतोय, या विचाराने मला फार बरं वाटायचं. चोरी असून पुण्य पदरात पडतं, अशी संधी रोज कुठे मिळते?

अति तिथे माती म्हणतात, ती माती आमच्याकडे एका शुक्रवारी आली. त्या दिवशी सासऱ्यांनी मागच्या खोलीतलं जड कपाट भिंतीपासून ओढायला लावलं होतं. त्यामागे धुळीशिवाय काही निघालं नाही, म्हणून झपाटाबाईने आपल्या पाळीचं बटण पुढे केलं आणि विषय संपला. कपाट परत ढकललं, पाहुणे आले: नवरा, बायको आणि रांगणारं बाळ.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन वाजला आणि वाजतच राहिला. बाळाने जमिनीवरचं बटण उचलून तोंडात घातलं होतं. आईने वेळेवर बोट घालून काढलं, बाळाला काही झालं नाही. पण ते तिघं त्याच संध्याकाळी घरी निघून गेले आणि त्या बाईने जे लिहिलं ते मी डोळे चोळून दोनदा वाचलं. स्वच्छता: पाचपैकी एक. खाली बटणाचा फोटो. अ‍ॅपवाल्यांनी तासाभरात घर यादीतून काढलं. परत यायचं असेल तर साफसफाई मान्यताप्राप्त कंपनीकडे हवी, असा निरोप आला.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने सगळ्यांना घरी बसवलं. झपाटाबाईलाही बोलावून घेतलं. त्याने फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

"हे कोणाचं?"

मी फोटोकडे बघितलंच नाही. माझं असणार हे मला ठाऊक होतं. झपाटाबाईकडे पाहिलं तर तीही भिंतीवरचं घड्याळ बघत होती. आणि सासरे शर्टाच्या टोकाला चष्मा पुसत होते, सावकाश, कोर्टात पुरावा हातात यावा तसे.

"माझं असेल," मी म्हटलं.

"नाही, माझं," झपाटाबाई म्हणाली. "त्या दिवशी पाळी माझी होती."

"कसली पाळी?" नवऱ्याने विचारलं.

"थांबा दोघी," सासरे म्हणाले. "तुमची बटणं मी ओळखतो. सगळी प्लास्टिकची. एकूण एक जप्त करून ठेवलीत माझ्या खणात."

मी आ वासून बघत राहिले. "मग बोलला का नाहीत?"

"इतक्या मन लावून फसवत होतात. म्हटलं, चालू दे."

त्यांनी फोन उचलला, लांब धरला, जवळ आणला.

"हे शिंपल्याचं आहे," ते म्हणाले. "हे डब्यातलंही नाही." मग नवऱ्याकडे बघून म्हणाले, "तुझं आहे."

"माझं?"

"तुझ्या पहिल्या झबल्याचं. तुझ्या आईने शिवलेलं. रांगत होतास तेव्हा ओढून तोडलंस. आम्हाला वाटलं गिळलंस. डॉक्टर म्हणाले, येईल बाहेर, वाट बघा. दोन दिवस ती तुझी दुपटी तपासत बसली होती, काडीने. रडत होती आणि तपासत होती. काही निघालं नाही. पुढे कित्येक वर्षं तुझं पोट दुखलं की ती मला म्हणायची, ते बटण तर नसेल?"

नवऱ्याने फोन परत हातात घेतला. तो फोनमधल्या त्या फोटोकडे बघत होता. ज्याला तो काल रात्रभर 'कसलंतरी घाणेरडं बटण' म्हणत होता, त्याच्याकडेच. कपाट ओढलं तेव्हा ते फटीतून वर आलं असणार आणि आमच्या तिघांच्या सहा डोळ्यांना दिसलं नाही. बाळाला दिसलं. आम्ही महिनाभर खोटी बटणं शोधत होतो आणि खरं सापडलं ते असं.

नवऱ्याने त्या पाहुण्यांना तिथल्या तिथे फोन लावला. मला वाटलं, आणखी एकदा माफी मागेल. तो म्हणाला, "ते बटण आहे का हो तुमच्याकडे?" पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही, पण त्याचा चेहरा दिसला. घरी जाताना वाटेत पेट्रोल भरायला थांबले होते, तिथल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं. आणि तुम्ही वर तोंड करून विचारता काय, असंही ती बाई म्हणाली. तिचं चुकलं नव्हतं.

"कंपनीला देऊन टाक घर," सासरे म्हणाले.

"बाबा, अजून बघू. दुसरं अ‍ॅप असेल, काहीतरी—"

"दे म्हणतो ना. माझ्या हद्दीत लेकराच्या तोंडात बटण गेलं. दुसऱ्या कोणाच्या हद्दीत गेलं असतं तर मी त्याला सोडलं असतं का?"

त्यांनी चष्मा घडी करून खिशात ठेवला आणि आपल्या खोलीत गेले. मी खूप वाद घालायचा ठरवला होता, पण टेबल आवरायला लागले. जे घर वाचवायला मी बटणं विकत घेत फिरले, ते असं गेलं. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

कंपनी आली. त्यांचं कुलूप आकड्यांचं आहे आणि आकडे दर पाहुण्याला बदलतात. झपाटाबाईने त्यांच्याकडे नोकरी धरली. मला फोन करून म्हणाली, "ताई, मला नावं ठेवू नका. घर तेच, गणवेश फुकट, आणि बटणं शोधायची नाहीत." मी कशाला नावं ठेवू? घर तिच्या हातात आहे म्हटल्यावर मला रात्री झोप तरी लागायला लागली.

सासऱ्यांनी मात्र काही मागणं बंद केलं. चहाची वेळ झाली, हेही म्हणेनात. मी आणून ठेवायचे, ते प्यायचे. मग मोसम ओसरल्यावर मी एक दिवस कंपनीच्या साइटवर गेले आणि आमचंच घर एका रात्रीसाठी बुक केलं. मालकांना सवलत आहे का, विचारलं. ते म्हणाले, मालक असा काही रकाना आमच्याकडे नाही, पाहुणे म्हणून भरा. भरलं. पाहुण्याच्या नावापुढे सासऱ्यांचं नाव घातलं.

आम्ही बरोबर तीनला पोचलो. आकडे दाबून आत शिरलो. फ्रिजवर कागद होता: प्रिय पाहुण्यांनो, फर्निचर हलवू नये, भिंतींना हात लावू नये, खिडकी उघडल्यास बंद करावी. सासऱ्यांनी तो उभ्याने पूर्ण वाचला. मग मला विचारलं, "खिडकी उघडू का?"

"बाबा, खिडकी तुम्हीच बसवली आहे."

"तरी."

घर स्वच्छ होतं. खोटं कशाला बोलू, मी कधी ठेवलं नव्हतं इतकं स्वच्छ होतं. सासरे जरा टेकले आणि मग, मला वाटलंच होतं, कपाटाचा आधार घेत हळूहळू जमिनीवर बसले. बसले ते गुडघ्यांवर आले. "बाळाला दिसलं ते आपल्याला का दिसलं नाही?" म्हणाले. "आपण रांगत नाही म्हणून." आणि खरंच रांगत निघाले. मी त्यांना थांबवलं नाही. मीही खाली बसले, गुडघा किंचाळला तरी.

मागच्या खोलीत पोचेपर्यंत आम्हा दोघांच्याही लक्षात आलं होतं. आधी बोलले ते.

"फटी कुठे गेल्या?"

कंपनीने फळ्यांमधल्या सगळ्या फटी लांबी भरून बुजवल्या होत्या. वरून पॉलिश. या टोकापासून त्या टोकापर्यंत जमीन एकसंध, गुळगुळीत. बोट फिरवलं तर कुठे नख अडकत नव्हतं. बाळांच्या दृष्टीने काम चोख होतं. आता या घरात कोणाचं काही हरवायचं नाही आणि कोणाचं काही सापडायचंही नाही. सासरे बराच वेळ त्या जमिनीवर हात ठेवून बसले. मी रडले. त्यांनी बघितलं आणि मला पंचा दिला, पाहुण्यांसाठी ठेवलेला, कोरा.

सकाळी मी उठले तर सासरे आधीच तयार. चादरीची घडी घातलेली, उशा ओळीत, बेसिन पुसलेलं. कप धुऊन उपडे ठेवलेले. अकराच्या ठोक्याला दार वाजलं. झपाटाबाई निळ्या गणवेशात, छातीवर कंपनीचं चिन्ह.

"आजोबा, अकरा वाजले," ती म्हणाली. हे तिला म्हणावंच लागतं. मग नेहमीच्या आवाजात ओरडली, "आणि चादरीची घडी कोणी घातली? मला परत उलगडून धुवायला टाकायची असते ना!"

"चुकलं," सासरे म्हणाले आणि पिशवी उचलून पायरी उतरले. ती दारातच उभी राहिली. सासऱ्यांनी तिला हात केला, तिने केला. मग दार बंद झालं आणि कुलूप आपोआप लागलं.

गाडीत त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. अर्ध्या वाटेत माझ्या फोनवर कंपनीचा निरोप आला. त्यांच्याकडे पाहुणे घराला गुण देतात तसे कार्यालयातून पाहुण्यांनाही देतात. मला वाचायचं नव्हतं, पण सासऱ्यांनी विचारलं, "कोणाचं आहे?" आणि मला पटकन खोटं सुचलं नाही.

"तुम्हाला गुण आलेत. पाचपैकी पाच."

"खाली काही लिहिलंय?"

"लिहिलंय."

"वाच."

मी वाचलं. "ज्येष्ठ पाहुणे. शांत, शिस्तीचे. एकही वस्तू जागेवरून हलवली नाही. दुसऱ्याच्या घरात कसं राहावं, याचा आदर्श."

सासरे खिडकीबाहेर बघत होते. आयुष्यभर लोकांना तपासलेला माणूस. त्यांना कोणी तपासून उत्तीर्ण केल्याचं मला तरी आठवत नाही.

"शेवटचं वाक्य परत वाच," म्हणाले.

मी परत सुरुवात केली. 'दुसऱ्याच्या घरात' इथवर आले तेव्हा त्यांनी हात वर केला आणि "पुरे," म्हणाले.